शिवलिंगमामांचं इंग्रजी

दवाखान्यात वीस वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से ठेवायला वेगळं कपाट लागतं! त्यातला एक अख्खा खण शिवलिंगमामांचा.

मुरुमच्या आमच्या छोट्या दवाखान्यात मामा वॉर्डबॉय. वय पंचावन्न! घरात कन्नड, बाजारात मराठी. डॉक्टर केरळचे, त्यांचं मराठी कच्चं. ते इंग्रजीत बोलायचे आणि मामा पेशंटला मराठीत सांगायचे. शब्दाला शब्द!

*

एकदा डॉक्टरांनाच ताप आला. म्हणाले, "आय अ‍ॅम अंडर द वेदर." म्हणजे, बरं वाटत नाही.

मामांनी बाहेर जाहीर केलं, "डॉक्टर हवेखाली आलेत. टाइम लागंल."

रांगेतून एकजण ओरडला, "मग फॅन बंद करा की!"

*

इंजेक्शन बघूनच एक आजोबा घामाघूम. काही अवघड नाही, असं सांगायला डॉक्टर हसून म्हणाले, "पीस ऑफ केक!"

मामा म्हणाले, "आजोबा, केकचा तुकडा हाय."

आजोबा रडकुंडीला आले. "मला शुगर हाय! म्या केक कसा खाऊ?"

*

माकणीच्या तात्यांचा न्यूमोनिया उतरला. धोका टळला म्हणून डॉक्टर खुशीत, "यू आर आउट ऑफ द वुड्स!"

"तात्या, तुमी जंगलातनं बाहेर आलात."

तात्या बायकोकडं बघत म्हणाले, "म्या जंगलात कवा गेलतो? चार दिस झाले, इथंच पडलोय न्हवं?"

*

एका बाळंतिणीला मामांनी स्वतःचं रक्त दिलं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, हॅट्स ऑफ!"

मामांनी घाबरून टोपी काढली.

मी म्हटलं, "अहो, कौतुक करतायत!"

"मग टोपी का काढाया लावतेत?"

*

बेंबळीच्या गोदाकाकूंच्या मालकांना शेतात साप चावला. दुपारी आणलं तेव्हा डोळे मिटत चालले होते. औषध दिलं, आता वाट बघणं एवढंच हातात. डॉक्टर काकूंना म्हणाले, "कीप युअर फिंगर्स क्रॉस्ड." चांगलं होईल अशी आशा धरा.

मामा म्हणाले, "काकू, बोटात बोट अडकवून धरा." आणि स्वतःच्या मनानं पुढं जोडलं, "सोडू नका."

तासाभरानं मी चहा नेला. काकूंनी नुसती मान हलवली. मला वाटलं, घोटही उतरत नसेल बिचारीला.

दिवेलागणीला मालकांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. मी धावत बाहेर आले, "काकू, शुद्धीवर आले!"

काकू बाकावर तशाच बसलेल्या. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट, पांढरी पडलेली.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "आता सोडू का?"

मागून डॉक्टर आले. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काकूंच्या शेजारी बसले आणि मोडक्या मराठीत म्हणाले,

"सोडा, काकू. आता मी धरतो."