लघवीची वाट बघताना

"तुमच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय," डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये म्हणाल्या. मी मराठीत विचारलं, "दोन्ही कामून? एक तरी चालू ठेवायची होती की."

त्यांना मराठी कळत होतं, पण त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला समजलं की प्रकरण गंभीर आहे, कारण माझ्या बोलण्यावर आमच्या गावात म्हशीसुद्धा हसतात.

आजाराचं नाव 'अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी'. म्हणजे मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा. अंगातलं पाणी एवढं आटलं होतं की किडनीपर्यंत पुरेसं रक्त पोचत नव्हतं. त्यामुळं 'क्रिएटिनिन' वाढलं. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा. किडनी तो रोज झाडून बाहेर टाकते. झाडणारीच आडवी झाली तर कचरा घरातच साचणार.

लघवी आपोआप सुरू झाली तर सुटलात, असं बाई म्हणाल्या. नाही झाली तर 'डायलिसिस', म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घेणं. आणि किडनी परत जागी झालीच नाही, तर ते यंत्र जन्मभर. यंत्र कलबुर्गीत, मी खजुरीच्या पलीकडच्या वस्तीत. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं अंतर जायचं-यायचं म्हटल्यावर आयुष्य एसटीच्या खिडकीतच सरणार, हे मला खाटेवर पडल्या पडल्या दिसलं.

हे झालं कसं, ते सांगते. तळ्यातला गाळ काढायचं खात्रीचं, म्हणजे सरकारी रोजगार हमीचं, काम चालू होतं. पूर्वी ऊन पाडव्यानंतर यायचं. आता शिवरात्रीलाच येऊन ओसरीवर बसतं. यंदाचं ऊन असं की फावडं खाली ठेवलं तर त्यावर भाकरी फुगावी. एकदा मी वर बघितलं तर माझी सावली माझ्या आधी जाऊन बाभळीखाली बसलेली. खोटं वाटत असेल तर बाभळीला विचारा.

आम्ही पहाटे लागायचो आणि ऊन चढायच्या आत वाट्याचा गाळ उपसून मोकळ्या व्हायचो. पण हजेरीचा फोटो दोनदा. सकाळी एक आणि दुपारी एक. दुपारी मोबाइलला तोंड दिसलं नाही तर दिवसाची मजुरी गेली. म्हणून काम संपलं तरी बांधावर भाजत बसायचं. हा नियम ज्यानं केला त्यानं तो पंख्याखाली बसून केला असणार, आणि पंखा चांगला चालत असणार.

पाणी नव्हतं असं नाही. पिंप भरलेलं असायचं. पण तळं तव्यासारखं सपाट. एका काठाला रस्ता, दुसऱ्या काठाला गडीमाणसं. बाईनं जायचं कुठं? म्हणून आम्ही पहाटेपासून घोटही घ्यायचो नाही. ही गोष्ट बोलायची सोय नाही, म्हणून आम्ही तिची फुशारकी केली. माझी मैत्रीण शोभा म्हणे, मी दिवस मावळेपर्यंत पाणी पीत न्हाई. मी म्हणे, मी कालपासूनच प्याले न्हाई, आमच्या आज्यानं निजामाचे उंट राखले होते, ते आमच्या रक्तातच हाय. आज्यानं आयुष्यात शेळीही राखली नव्हती. पण पहिला नंबर मी कुणाला सोडत नाही.

मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले, डोकं ठणकायला लागलं. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. त्या किडनीला आणखी नडतात, हे मागून कळलं. एका दुपारी फोटो झाला आणि मी आडवी झाले. महाराष्ट्रातलं उमरगा जवळ, म्हणून आधी तिकडं नेलं. त्यांनी सलाईन लावलं आणि तुमचं कार्ड कर्नाटकाचं, इथं चालत नाही, असं सांगून कलबुर्गीला धाडलं. शिवेवरच्या माणसानं आजारी पडताना तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघून पडावं.

कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात बाईंनी विचारलं, कामावर पाणी किती पिता? मी ऐटीत सांगितलं, एक थेंब न्हाई.

माझे मालक शेजारी उभे होते. त्याच तळ्यावर तेही गाळ काढत. "घरी तर पितीस की," ते म्हणाले.

"घरी मोरी हाय."

कामावर त्यांना दोन कळशा पाणी लागायचं, आणि गड्याला मोकळं व्हायला काठ होताच.

लघवीसाठी नळी घातली, खाटेला पिशवी लटकवली, आणि वाट बघणं सुरू झालं. पिशवी कोरडी. मालक ती उजेडाकडं धरून बघत, घाण्याचं तेल पारखावं तशी. गावाहून फोन यायचे, "झाली का?" ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर आडोसा शोधला, तिची चौकशी खजुरीपासून आळंदपर्यंत चालू होती. सरपंचांनीही विचारलं.

शेवटी मानेत नळी घालून यंत्र लावलं. रक्त बाहेर जातं, अंघोळ करून परत येतं. आपण छताकडं बघत पडायचं. बाजूच्या खाटेवर औरादकडची वीटभट्टीवरची बाई होती. तिच्या किडन्या परत आल्याच नव्हत्या. मी विचारलं, अक्का, तूही पाणी टाळायचीस का? तिनं कूस बदलली.

त्यानंतर एका सकाळी पिशवीच्या तळाला चहाच्या रंगाचं काहीतरी दिसलं. मालकांनी नर्सबाईंना अशी हाक मारली की खालच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसले असतील. पुढं ते वाढत गेलं, क्रिएटिनिन उतरत गेलं. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "अक्का, दिवसभर थोडं थोडं पाणी, हेच औषध. दुखण्याच्या गोळ्या बंद. पाणी न पिता उन्हात गेलात तर पुढच्या वेळी किडनी ऐकणार नाही."

आता काम सोडायचं, नाहीतर पाणी प्यायचं. काम सोडणं परवडणारं नव्हतं. पंचायतीत गेले. साहेब म्हणाले, तळ्याच्या अंदाजपत्रकात संडास बसत नाही, प्रस्ताव पाठवतो. मी म्हटलं, पाठवा. तोवर मी तुमच्या हापिसातल्या संडासाला येत जाते, माझा दुपारचा फोटो तिथंच काढा. ते हसले, पण प्रस्ताव लिहून घेतला. तो अजून वाटेत आहे.

आम्ही बांधाच्या टोकाला खड्डा खणला, चार वासे रोवले, जुनी लुगडी गुंडाळली. पहिल्या दिवशी कुणी तिकडं फिरकलं नाही. माझ्या बायांनो, तुमच्याकडंही असंच होईल, म्हणून हे लिहितेय. कुणीतरी आधी जावं लागतं. मी सगळ्यांसमोर पेलाभर पाणी प्याले, थोड्या वेळानं उठले आणि गड्यांच्या डोळ्यांदेखत तिकडं चालत गेले. तेवढी लांब वाट मी कधी चालले नाही.

परत आले तेव्हा शोभा पिंपापाशी उभी होती, हातात भरलेला पेला. हळूच म्हणाली, "आत कडी हाय का?"

"न्हाई. मी उभी ऱ्हाते बाहेर."

तिनं पेला तोंडाला लावला.