बिनवजनाचं सोनं

आमच्या घरून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. हा आईचा नेम. पाहुणा गाडीला किक मारत असला तरी ती पिशवी घेऊन मागे धावते. पिशवीत चार वांगी, तुरीच्या शेंगा, काहीच नसलं तर अंगणातली लिंबं. ही खोड माझ्याही अंगात पुरती भिनली आहे आणि तिनेच माझ्या खेळाची वाट लावली.

खेळ मी पुण्यात नोकरीला असताना शिकलो. नोकरी सुटली तेव्हा महागावला परत आलो, झेरॉक्सचं दुकान टाकलं. बॅगेत कपड्यांखाली वीस बाजूंचा फासा होता. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, राक्षस, किल्ले, भुयारं असलेली, आणि बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. पात्राची लेव्हल, बळ, शस्त्रं, सोनंनाणं एका कागदावर लिहिलेलं असतं. काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं, जमलं की फसलं ते फाशाने. गोष्ट सांगणारा मी.

खेळणारे तिघं. ढाणकीचा माझा एक वर्गमित्र, कापूस-सोयाबीनवाला शेतकरी. तो तलवारबहाद्दर झाला. जवळच्या बंजारा तांड्यावरचे एक मास्तर. ते मांत्रिक झाले. तिसरी माझी वहिनी, आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या रविवारी ती चहा द्यायला आली, दारातच अर्धा तास उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पुलावरून कायले जाता? खालून जा ना." पुलावर मी राक्षस बसवला होता आणि खालून जाता येतं हे मलाही सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिच्यासाठी एक कागद छापून आणला.

तिने तिरंदाज बाई घेतली. रानात राहणारी, एकटी. कागदावर कुटुंबाचा रकाना होता, तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'कोणाची सून नाही.' मी वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं. दोन ते पाच असा आमचा खेळ चालायचा. तेवढे तीन तास चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला असायचा आणि वहिनीला कुणी हाक मारायची नाही, असा घरात अलिखित करार झाला होता.

दिवाळी झाली, कापूस फुटला आणि वेचायला मजूर मिळेनात. वहिनी रोज शेतात जाऊ लागली, रविवारीसुद्धा. तिचे सात-आठ रविवार बुडाले. खेळ आम्ही थांबवला नाही. मित्र ढाणकीहून एवढी गाडी मारत येतो, मास्तर सुट्टीचा दिवस घालवतात, त्यांना तसंच कसं पाठवायचं? मग या रविवारी एकाला आगीची तलवार, पुढच्या रविवारी दुसऱ्याला उडत्या वहाणा. चिलखतं, अंगठ्या, सोन्याच्या पेट्या. दौलत बेताने द्या, नाहीतर खेळातली गंमत जाते, असं नियमांच्या पुस्तकात बजावलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी माझी आई नव्हती.

वेचणी ओसरल्यावर वहिनी परत आली. जुनाच कागद, जुनंच धनुष्य, भात्यात बारा बाण. पहिल्या लढाईत तिने बाण काढेपर्यंत मित्राने एका वारात राक्षस लोळवला. दुसऱ्या लढाईतही तेच. तिसऱ्यांदा तिचा बाण लागला, पण त्याने राक्षसाला जेमतेम खरचटलं. ती हसली. मग उठून म्हणाली, "मी चहा ठेवते. तुमी खेळा."

पुढच्या रविवारी ती दहा मिनिटं बसली आणि उठली. तिचा कागद चहाच्या ट्रेखाली गेला आणि त्यावर कपाचं गोल उमटलं. ते पाहून मला भीती वाटली. असे आणखी दोन रविवार गेले तर ती स्वयंपाकघरातून परत बाहेर येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी आधी मला जमतं ते केलं, म्हणजे दिलं. तिच्या बाईला वाटेत विजेचं धनुष्य सापडलं. वहिनीने खोडरबर मागितलं आणि लिहिलेलं पुसून टाकलं. "भाऊजी, असं आयतं नोका देऊ मले. मी मागितलं होतं का?"

मग दुसरा उपाय केला. चोर आले आणि मित्राची तलवार घेऊन गेले. मित्र खुर्चीवरून उठलाच. "देल्लं वापस घेते का रे कोनी? देत नोको जाऊ मंग!" मी म्हटलं, चोरांनी नेली, मी नाही. "चोर कोनाचे? तुयेच ना?" तो तणतणत गेला तो आईची पिशवी न घेता. आमच्या दारातून असं आजवर कुणी गेलं नव्हतं. आई संध्याकाळभर मलाच बोलत राहिली आणि मीही चिडून फासा कपाटात टाकला.

पुढच्या रविवारी मास्तरांनीच त्याला समजावून आणलं. मी तलवार परत केली आणि खेळ पुन्हा तसाच मिळमिळीत सुरू झाला. दोघांनी एक गढी लुटली, सापडेल ते कागदावर लिहून घेतलं आणि निघाले. वहिनी पदराला हात पुशीत दारात उभी होती.

"एवढं सारं घेऊन हे चालते कसे?" तिने विचारलं.

"वजन धरत नाई आपण, वहिनी," मी म्हटलं.

"काहून?"

"नियम हाय तसा. पण लय कंटाळवाणा हाय."

"हाव," ती म्हणाली, "ज्याले उचला लागत नाई, त्याले कंटाळवाणंच वाटते."

मग मास्तर एकदम मोठ्याने हसले. "आमचे आजे-पणजे बैलायवर मीठ लादून मुलुखभर हिंडले," ते म्हणाले, "अन् मी तीन पेट्या सोनं घेऊन हवेत उडून राह्यलो!"

त्या दुपारी राक्षस आलाच नाही. वहिनी टेबलाशी बसली आणि एकेका वस्तूचं वजन सांगू लागली. मित्र तलवारीचं वजन कमी करून मागत होता. "लोखंड हाय ते, कापूस नाई," ती म्हणाली आणि चार किलो लिहायला लावलं. शेवटी मी कुणाचंच काही काढून घेतलं नाही. मित्राने स्वतःच दोन चिलखतं आणि एक पेटी गढीत ठेवली, वर कुरकुरलाही नाही. मास्तरांच्या वहाणा जमिनीवरून सुटेनात. तिरंदाज बाईकडे ओझंच नव्हतं; ती पुढे जाऊन वाट हेरून यायची आणि बाकीचे दोघे ती सांगेल तसे चालायचे. खेळ साडेपाचपर्यंत लांबला. चहा मित्राने केला आणि निम्मं दूध उतू घालवलं.

मला मात्र तिचं ते उचलण्याबद्दलचं वाक्य लागलं. महिनाभर मी कागदावरच्या तीन माणसांना सारखं कसं करायचं याचा विचार करत होतो. जो टेबलाशी आला त्याला दिलं, जी आली नाही ती मागे राहिली, एवढाच माझा न्याय. पण ती कुठे गेली होती? आमच्याच शेतात. त्या कापसात माझाही वाटा होता आणि मी दुपारी दोन वाजता पंख्याखाली बसून राक्षसांचे आवाज काढत होतो. मला स्वतःची लाज वाटली. तिच्यापाशी तसं बोलण्याची हिंमत मात्र झाली नाही.

यंदा दिवाळीनंतर खेळ बंद ठेवला आणि रविवारी वेचणीला गेलो. कमरेला फडक्याची झोळी बांधली. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तासाभरात नखांच्या कडा फाटल्या. वहिनी दोन्ही हातांनी वेचत माझ्या पुढे गेली, परतीच्या ओळीत समोरून आली आणि पुन्हा पुढे गेली. संध्याकाळी निंबाच्या फांदीला काटा टांगला. तिचा कापूस छत्तीस किलो भरला, माझा अकरा.

वहिनीने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, तुमची तं अजून पहिलीच लेव्हल हाय," ती म्हणाली. मग तिने स्वतःचं छत्तीस किलोचं गाठोडं उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.