आईच्या राहिलेल्या फेऱ्या

कात्रजच्या घाटात दुधाचा टँकर उलटला तेव्हा मी बिबवेवाडीपर्यंत पोहत आलो, असं मी अजूनही सांगतो. आमच्या सोसायटीत माझ्या बोलण्यातले बारा आणे सोडून चार आणे घ्यायची पद्धत आहे. त्यामुळे एकदाच सोळा आणे खरं बोललो, तर ते घरातसुद्धा कुणाला पटेना. आणि ते पटणं आईसाठी फार गरजेचं होतं.

थोरल्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने गावच्या मारुतीला लाख प्रदक्षिणा बोलल्या. गाव म्हणजे आमचं जुनं गाव. ते जागचं हललं नाही, पुणंच चालत येऊन त्याच्यावर बसलं. भाऊ बरा झाला, वारज्याला घर घेऊन रोज टेकडी चढायला लागला. आईच्या फेऱ्या मात्र चालूच होत्या. देवळाभोवतीची फरशी तिने इतकी झिजवली की पावसाळ्यात तिथे होडी चालली असती. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय सरकला आणि खुबा मोडला. सळई बसली, पण डॉक्टरांनी बजावलं, काठी घेऊन घरातल्या घरात, त्यापुढे नाही.

फेऱ्या राहिल्या.

ती रडली नाही. रोज संध्याकाळी थोरल्याला फोन करायची. "छातीत दुखत न्हाई ना?" तो हसायचा. फोन ठेवला की ही भिंतीकडे बघत बसायची. नवस अर्धा ठेवला तर देव दिलेलं परत नेतो, हे तिच्या मनातून हलत नव्हतं. मी म्हटलं, उरलेल्या मी घालतो. म्हणाली, "शब्द माझ्या तोंडचा, तर पाय बी माझंच पायजेत." एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती काठी घेऊन निघाली. मी आलो तेव्हा जिन्यात बसली होती, दोन्ही हातांनी कठडा धरून. पुन्हा पडली तर काय, हे तिलाही कळत होतं.

म्हणून मी मैदानात उतरलो. आमच्या खालच्या मजल्यावर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहतात. त्यांच्याकडून ऐकलेलं आईला सांगितलं. "आई, तू पलंगावर बसूनच फेरी घालतेयस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ना? तसा सूर्य आपल्या सगळ्या गोतावळ्याला घेऊन आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो. सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर. तू 'अगं बाई' म्हणेपर्यंत आपण मुंबईच्या पलीकडे!"

"टँकरमधनं पोहत व्हय?" आई म्हणाली.

मी ताट आणलं. मधोमध लाडू, तो आकाशगंगेचा मध्य. वाटी म्हणजे सूर्य, वाटीत शेंगदाणे म्हणजे पृथ्वी वगैरे मंडळी. वाटी लाडवाभोवती सरकवायला लागलो.

"थांब," आई म्हणाली. "द्येव कुठल्या हाताला आला?"

बघतो तर लाडू वाटीच्या डाव्या हाताला.

"ही उलटी फेरी हाय. अशी मढ्याभवती घालत्यात." तिचा चेहरा पार उतरला. म्हणजे मी तिला दिलासा द्यायला गेलो आणि अख्खी सूर्यमाला स्मशानात नेऊन सोडली.

मी खाली धावलो. "बाई, आकाशगंगेचा मध्य उजव्या हाताला पाहिजे. आईचा प्रश्न आहे."

"आपण आजवर माणसंच फिरवत होता," बाई म्हणाल्या, "आता सूर्यही का?"

पण सगळं ऐकल्यावर त्या चष्मा पुसून स्वतः वर आल्या आणि आईच्या पलंगावर बसल्या. "हे बघा आजी, उत्तरेच्या अंगाने पाहिलं तर पृथ्वी सूर्याला डाव्या हाताला ठेवूनच फिरते. पण सूर्य आकाशगंगेच्या मध्याला उजव्या हाताला ठेवून जातो. अगदी तुमच्यासारखा. यांनी वाटी उलटी फिरवली."

"आन् मधी कोन?"

"मोठं कृष्णविवर. त्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही."

"गाभाऱ्यात अंधारच असतोय," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "एक फेरी किती दिसांत हुती?"

"बावीस-पंचवीस कोटी वर्षं लागतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. "ह्यानं शिकवलं का तुमाला?"

"नाही हो, हे खरं आहे. मागच्या खेपेला सूर्य इथे होता तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता."

खाली भाजीवाला ओरडत गेला. कुकरची शिट्टी झाली.

"मंजी पुरी फेरी कुनीच बघितली न्हाई."

"कुणीच नाही."

"समद्यांची अर्ध्यातच ऱ्हाती?"

"सगळ्यांची."

तिने मांडीवरची काठी उचलली, पलंगाला टेकवून ठेवली. "मंग माझ्या ऱ्हायल्या त्या ऱ्हाऊ द्या. त्यो घिऊन चाललाय न्हवं सगळ्यास्नी."

त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला तिने थोरल्याला फोन लावला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. "जेवलास का?" एवढंच तिने विचारलं. छातीचं नावसुद्धा नाही.

पुढे थंडीत ती झोपेतच गेली. आमच्यात आईला धाकटा अग्नी देतो. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी आईला उजव्या हाताला ठेवून निघणार, तोच गुरुजी म्हणाले, "तिकडून नाही. डाव्या अंगाने." मी वळलो. आई डाव्या हाताला, मडक्यातून पाण्याची धार मागे. पृथ्वीही याच बाजूने चालते, हे मला तिथे आठवलं, पण सांगायचं कुणाला? पलीकडे थोरला उभा होता, धडधाकट. लहान मुलासारखा रडत होता.

दिवसकार्य उरकून तो वारज्याला गेला. संध्याकाळी आईची वेळ झाली आणि फोन माझ्याच हातात आला. तिकडून त्याने उचलला.

"जेवलास का?" मी विचारलं.