आधी सरांच्या पायाला

सायकलच्या ट्यूबचा वास आला की भूकंपानंतरचा लातूरचा वॉर्ड आठवतो. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर; बांबू आणि ट्यूबचा नवाच आधार बनवून शेवंताबाईंच्या मोडलेल्या पायाला बांधायला निघालो होतो. एकेकाळी हवाई दलात डॉक्टर असलेले आमचे सर शेजारच्या खाटेवर आडवे झाले.

“नवं विमान आधी जमिनीवर पळवून बघतात. माझ्या पायाला बांध.”

मी बांधला. थोड्याच वेळात त्यांच्या पायाची बोटं निळी पडली.

“लई आवळलास की लेकरा, सायबाचा पाय तोडतोस काय?” शेवंताबाई हसल्या. तो पाय त्यांचा असता तर, या विचारानं मी घाईघाईनं आधार सोडला.

सर रागावले नाहीत. “आता काय बदलशील?” एवढंच त्यांनी विचारलं.

रुंद, सैल पट्ट्या मी पुन्हा आधी सरांना बांधल्या. पुढे शेवंताबाई चालत घरी गेल्या.

आता माझे विद्यार्थी काही नवं घेऊन आले की मी बूट काढतो.