धूळ बसू दे

परवा कच्च्या रस्त्यावरून ट्रक गेला आणि तापलेल्या धुळीचा वास नाकात शिरला. मी एकदम चौदा वर्षांची झाले.

निजामाच्या राज्यातली राजेश्वर गावची सडक. बाजार करून मी, मैत्रीण शांता आणि माझे वडील, अप्पा, परतत होतो. एक मोटार गेली नि सगळं धुळीत बुडालं. लोक त्या धुळीतूनच सडक ओलांडायला धावले. जन्मभर बैलगाड्याच पाहिलेल्या. बैल माणूस बघून आपणहून थांबतो, तशी मोटारही थांबेल असं त्यांना वाटे. अप्पा मात्र नेहमीसारखे छत्री टेकून उभे राहिले. गाव त्यांना भित्रा म्हणून हसायचं. मलाही लाज वाटायची.

"मोटार गेली की! कामून थांबलीस?" म्हणत शांता निघाली. अप्पांनी मला कधी थांब म्हटलं नव्हतं, हातही धरला नव्हता. पण लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभे राहिलेले माझे पाय हललेच नाहीत. मी शांताचा दंड घट्ट धरला. तेवढ्यात धुळीतून दुसरी मोटार निघाली. पुढं धावलेली माणसं कशीबशी वाचली. शांताच्या हातून पडलेली गुळाची पुडी चाकाखाली चिरडली.

अप्पा एवढंच म्हणाले, "धूळ बसू दे, पोरी." हसणाऱ्या गावासमोर रोज तसं उभं राहायला किती हिंमत लागते, ते मला आई झाल्यावर कळलं.

आता ती राजेश्वरची सडक डांबरी आहे. काल कुणाचंच न ऐकणारा माझा नातू मोटार गेल्यावरही कडेला उभाच राहिला. मी विचारलं, "गेली की रे मोटार, कामून थांबलास?"

"तू थांबतीस की, आज्जी."