एन्झियानच्या तीन कळ्या

एन्झियान हे फूल आल्प्सच्या कुरणांवर गुरांच्या पायांखाली सुद्धा फुलतं. शाईसारखं गर्द निळं, जमिनीलगत, देठ जवळजवळ नाहीच. खाली सपाटीवर, एर्लांगेन शहरातल्या माझ्या बागेत आणलं की मात्र रुसून बसतं. माझ्याकडे चार वर्षं बसलं होतं. रोपं दिली होती शेजारच्या निवृत्त गृहस्थानं, आणि दर वसंतात कुंपणावरून मान काढून तोच विचारायचा, यंदाही नुसती पानंच का?

मी बारीक खडी आणून वाफा उंच केला, गोगलगायी हातानं वेचल्या, कंपनीत कधी केली नाही इतकी खुशामत केली. पाचव्या वर्षी तीन कळ्या आल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या पीळदार. मी शेजाऱ्याला थाटात आमंत्रण दिलं: रविवारी दहाला वाफ्यावर ऊन येतं, तेव्हा उमलतील, कॅमेरा घेऊन या.

त्याच आठवड्यात पुण्याहून बाबा आले. पहाटे पिशवी आणि आकड्याची काठी घेऊन फिरायला निघणाऱ्या मंडळींपैकी ते एक. सोसायटीतली प्रत्येक जास्वंद ही देवाचीच मालमत्ता, असा त्यांचा हिशेब. म्हणून विमानतळावरच बजावलं होतं, इथे लोकांच्या कुंपणाला हात लावायचा नाही, थेट पोलीस येतात.

रविवारी शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आला. मी हात पसरून पडदा उघडल्यासारखा बाजूला झालो. वाफ्यात पानं. नुसती हिरवीगार पानं. तो वाकला, नीट पाहिलं, "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणत माझा खांदा थोपटला आणि कॉफी न घेता गेला.

मैफिलीत हा किस्सा मी इथेच संपवतो. हशा हमखास मिळतो.

पण त्या दिवशी मी तरातरा आत गेलो. कपाटावर मांडलेल्या बाळकृष्णापुढे तिन्ही कळ्या वाहिलेल्या, मिटलेल्याच. बाबांनी सहालाच आंघोळ करून तोडल्या होत्या. मी पाच वर्षांचा पाढा वाचला, शेजाऱ्यासमोर माझं हसं केलंत म्हणालो.

"परक्याच्या कुंपणाला हात लावू नका म्हणालास," ते म्हणाले. "ही बाग तर आपलीच ना रे?"

"आपली नाही, बाबा. माझी."

त्यांनी कळ्या उचलून माझ्या हातात ठेवल्या. जणू मी त्या परत चिकटवणार होतो.

अजून सहा आठवडे ते राहायचे होते, राहिले. देवाला रोज नुसत्या अक्षता. सकाळी मी स्वयंपाकघरात आलो की ते फ्रिजपाशी उभे दिसायचे, हात मागे बांधून.

"दूध घेऊ का जरा?" ते विचारायचे.

मी घ्या ना म्हणायचो. ते अर्धा कप घ्यायचे.