आण्णांच्या इटलीच्या सायकलीचा रंग

आमच्या बोरी गावात इटलीची सायकल आहे म्हटलं की जिंतूरचे लोक हसतात. हसोत बापडे! तरुणपणी आण्णा, म्हणजे माझे वडील, एका धरणाच्या कामावर स्टोअरकीपर होते. तिथं आलेल्या इटालियन साहेबाला त्यांनी भाकरी-ठेचा खायला शिकवलं. साहेब रडत रडत शिकला आणि मायदेशी परतताना स्वतःची सायकल आण्णांना देऊन गेला. उपकार म्हणून दिली की सूड म्हणून, हे आण्णांनाही सांगता येत नाही.

आता आण्णांना पायडल मारवत नाही. पण रोज सकाळी हँडल धरून, सायकल ढकलत ते शेतापर्यंत चालत जातात. येताना कॅरियरला वैरणीची पेंडी. डॉक्टरांनी काठी घ्या म्हटलं, तर यांचं उत्तर, "काठी म्हाताऱ्याला लागती." सायकल आहे म्हणून हा माणूस घराबाहेर पडतो, नाहीतर खाटेवरून उठायचा नाही. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं मी हे रोज बघते.

पुण्याच्या दादाला कोण सांगणार? उन्हाळ्यात आला, सायकलीभोवती फिरला आणि म्हणाला, "काय दशा केलीय हिची! पोळ्याला येईन तेव्हा घेऊनच जातो. इथं कुणाला कदर आहे?"

कदर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं थांब, दाखवतेच तुला कदर. सायकल अशी नवी करते की तुला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

दशा झाली होती हे मात्र खरं. आमच्या घरात उरलेला रंग वाया जाऊ द्यायचा नाही, अशी रीत. फाटकाचा हिरवा उरला, लाव सायकलीला. ट्रॉलीचा लाल उरला, लाव सायकलीला. खिडक्यांचा चॉकलेटीसुद्धा तिच्याच अंगावर. सुट्टीच्या दिवशी आण्णांच्या ओसरीत फतकल मारून मी पॉलिश पेपरनं घासायला बसले, तर थर संपता संपेनात. हात भरून आले, नाकात लाल-हिरवी भुकटी गेली. शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"काय करायलीस गं?"

"लग्न जमवायलेय हिचं."

"मग हळद लाव की बाई, पेपर काय घासायलीस!"

शेवटी सीटखालच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचाच ब्रश पोचला नव्हता, तिथं मूळ रंग सापडला. जवसाच्या फुलासारखा निळा. इतका सुंदर की त्यावर चॉकलेटी फासणाऱ्याला मी मनात चार शिव्या हासडल्या. नंतर आठवलं, तो आमचा दादाच होता. चाकं काढून सांगाडा मांडीवर घेतला आणि एसटीनं जिंतूर गाठलं. कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "लेकरू केवढं हाय?" पेंटवाल्यानं डबे मिसळून मिसळून रंग जुळवून दिला. आधी अस्तर, मग कोंबड्यांना हाकलत हाकलत निळ्याचे पातळ हात. वरून बारक्या ब्रशनं सोनेरी रेघ ओढली, तेव्हा श्वाससुद्धा धरून ठेवला होता. आण्णा येता-जाता बघायचे आणि "लय बारीक काम करायलीस," एवढंच म्हणायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा आला. सायकल बघून दारातच थांबला. "अगं, हे तू केलंस?" मी फुगून टम्म झाले. आणि मग तो म्हणाला, "आता तर ही इथं ठेवणं पापच आहे. हॉलमध्ये भिंतीवर टांगतो, वर छोटा दिवा सोडतो. कुणाला हात लावू देणार नाही."

मी गारच पडले. आगं माय! जुनी असती तर कदाचित दादा विसरूनही गेला असता. तिला नेण्यालायक केलं ते मीच. आण्णांकडं बघितलं, तर ते खाली मान घालून सुपारी कातरत होते. पुण्याच्या लेकाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या दिवशी मला आण्णांचाही राग आला.

पोळ्याच्या सकाळी पुरणाचं पातेलं घेऊन मी वाड्यामागच्या गोठ्यात गेले. बैल धुऊन उभे होते, शिंगं गुलाबी ऑइलपेंटनं चकाकत होती. आणि बैलांच्या शेजारी सायकल. पुढच्या चाकापासून सीटपर्यंत गुलाबी, ठार गुलाबी!

"आण्णा!" मी किंचाळले. "अहो, माझी मेहनत!"

"शिंगाचा रंग उरला व्हता," आण्णा निर्मळ तोंडानं म्हणाले.

आवाज ऐकून दादा तोंडातल्या टूथब्रशसकट धावत आला. फेस सांडत ओरडला, "काय केलंत हे! आता ही भिंतीवर कशी लावू मी?"

आण्णांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला.

"भिंतीवर तुझ्या मायचा फोटो हाय की," ते म्हणाले. "तिच्या शेजारी मी जाईन तवा जाईन. तवर मला शेतात जायचंय, बाबा."

तोंडातला ब्रश काढायचंही दादाला सुचलं नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि डोळे भरून आले.

मागचा मडगार्ड तेवढा निळा राहिला होता. मी पातेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि आण्णांच्या हातातून ब्रश घेतला.